एनितला कोणी शिकवलं

सेर्विओ आगिलार सात वर्षांनी स्पेनहून परत आला आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याला माझा संशय यायला लागला. तेव्हा माझं वय अडुसष्ट. बायकोला जाऊन नऊ वर्षं झालेली, गुडघे असे की जिना उतरताना मला भिंतीशी बोलावं लागतं. अशा माणसावर कोणी तसला संशय घेतला तर त्याने चिडायला हवं. खरं सांगतो, पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं.

त्याचं घर माझ्या समोर. आमच्या या डोंगरातल्या गावात, सारुमात, समोर म्हणजे वर. आमची गल्ली इतक्या चढाची आहे की त्याच्या दारात उभं राहिलं की माझ्या कौलांवरचं शेवाळ दिसतं. त्यांच्या दारापुढे गाडीपुरती सपाट फरशी आहे, तिच्यावर त्यांची जुनी पांढरी गाडी उभी असते. तिथून पुढे जो उतार सुरू होतो तो थेट माझ्या भिंतीपर्यंत.

सेर्विओ लिंबांच्या पेट्या भरायला स्पेनमध्ये मुर्सियाला गेला तेव्हा त्याची बायको एनित हिला साधा बल्ब बदलता येत नव्हता. जाताना तो म्हणाला होता, गाडी विकून टाक. तिने विकली नाही. ती घरी कॉफी भाजायची, पुड्या बांधायची आणि गुरुवारी गाडीत भरून खाली पोर्तोवेलोला, कधी पिन्यासला दुकानांत टाकून यायची. तो घाटरस्ता ब्रेक खातो. त्यामुळे ती शनिवारी सकाळी गाडीचं पुढचं चाक काढायला बसली, यात मला नवल काहीच नव्हतं. मी चार वर्षं बघत होतो.

सेर्विओने मात्र पहिल्यांदाच बघितलं.

मी माझ्या दारापुढे ताडपत्रीवर कॉफीच्या बिया वाळत घालत होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"मेकॅनिकला बोलावू का?" त्याने विचारलं.

"कशाला? तासाभराचं काम आहे. तू कॉफी पी."

तो कप हातात घेऊन उभा राहिला. तिने मागच्या चाकांना दगड लावले. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला, चाक काढलं आणि ते गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसावी, माणसावर नाही. मग पॅड धरून ठेवणारा ब्रेकचा कॅलिपर सोडवला आणि एका वाकवलेल्या तारेने वर टांगून ठेवला, म्हणजे त्याच्या नळीवर ताण यायला नको. जुने पॅड काढले. बाहेरचा बरा होता. आतला नखाएवढा उरला होता.

मग ती गल्ली उतरून आली, मला ओलांडून सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचा स्क्रूने आवळायचा लोखंडी शिकंजा घेऊन बाहेर आली.

"काका, घेतला हं!"

"घे की," मी म्हणालो.

त्या शिकंज्याने तिने ब्रेकचा पिस्टन हळूहळू आत ढकलला, नवे पॅड बसवले, चाक चढवलं. मग दुसऱ्या बाजूचंही तसंच केलं. शेवटी ती आत बसून पायाने ब्रेक दाबत राहिली, दहा-बारा वेळा, कडक लागेपर्यंत. नेमकं तेव्हा सेर्विओ तिच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"कोणी शिकवलं?" ती हात पुसत उतरली तसं त्याने विचारलं.

"शिकले."

"कोणाकडून?"

"तू सात वर्षं नव्हतास, सेर्विओ. मी बरंच काही शिकले. सगळ्याची यादी देऊ?"

संध्याकाळी तो स्पेनहून आणलेली बाटली घेऊन माझ्याकडे आला. बसला. माझ्या भिंतीवरची हत्यारं निरखून बघितली.

"काका, तुम्ही खाणीच्या वर्कशॉपात होता ना?"

"बत्तीस वर्षं."

"गाड्यांचं काम?"

"पंपांचं. बोगद्यातलं पाणी उपसायचे पंप."

"पण पाना चालवता येतो."

"पाना येतो. चमचाही येतो."

तो हसला नाही. "एनित तुमच्या स्वयंपाकघरात न विचारता जाते."

"जाते ना. पण जाताजाता माझी भांडी घासून गेली, असं अजून एकदाही झालेलं नाही."

तरी हसला नाही. बाटली न उघडताच परत घेऊन गेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा चौकशीला आला होता.

दोन दिवसांनी पुन्हा आला, यावेळी कागद-पेन घेऊन. "काका, तिग्रियो कसं करायचं ते जरा लिहून द्या. विसरलो बघा."

सारुमाचा माणूस आणि तिग्रियो विसरला! कच्ची केळी उकडा, ठेचा, अंडी आणि चीज घालून परता, यात विसरायचं काय? पण मी लिहून दिलं. माझं लिहून होताच त्याने खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला आणि कागदाशेजारी ठेवला. नव्या पॅडच्या खोक्याचं झाकण होतं ते. त्यावर निळ्या शाईने लिहिलं होतं: आतला आधी बघ. तोच लवकर संपतो.

"हे तुमचं अक्षर नाही," तो जरा नाराज होऊन म्हणाला.

"नाहीच."

"आतला म्हणजे कोण?"

"आतला पॅड, गाढवा! चाकाच्या आतल्या बाजूचा."

"ते मलाही कळतं. पण असं कोण लिहितं? इतक्या काळजीने?" त्याने पुठ्ठा उलटासुलटा केला. "आणि हे अक्षर मी कुठंतरी पाहिलंय, काका. फार वेळा पाहिलंय."

तो गेला आणि मग ती कीड माझ्या डोक्यात शिरली. शिकवलं तर कोणीतरी होतंच. मी नव्हतो, हे मला ठाऊक होतं. गुरुवारी पोर्तोवेलोहून एनित उशिरा यायची, नखं काळी, आणि एकटीच हसत गाडीतून उतरायची. आधी मी हे नुसतं बघितलं होतं. आता आठवायला लागलो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर पाव घ्यायला गेलो तेव्हा मी मेल्बाला एवढंच म्हणालो की आपल्या एनितला गाडीचं काम छान येतं, कोणी शिकवलं कोण जाणे. बस, एवढंच. मेल्बा पाव विकते, पण तिचा खरा धंदा दुसरा आहे. दुपारपर्यंत आमच्या गल्लीत ठरून गेलं होतं की लाउरोकाका, म्हणजे मी, आणि एनित यांचं काहीतरी आहे. मी तक्रार करायला गेलो तर मेल्बा म्हणते, "अहो, तुम्हीच तर सांगितलंत!"

समोरच्या घरात आता आवाज चढत होते.

"मी त्या गाडीत बसणार नाही," सेर्विओ म्हणायचा. "कोणी काय करून ठेवलंय कोण जाणे."

"चालत ये मग," एनित म्हणायची.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती कॉफीची पोती बघायला बाजारात गेली. सेर्विओने गाडीचं चाक काढलं. हे मी माझ्या बाकावरून पाहिलं. तो काय शोधत होता ते त्याने मला नंतर सांगितलं. त्याला त्या कामात खोट हवी होती. उलटा बसलेला पॅड, सैल नट, काहीही. म्हणजे एनितला दाखवता आलं असतं, बघ तुझा गुरू कसला आहे तो. डावं चाक उघडलं, उजवं उघडलं. खोट सापडेना. सगळं जिथल्या तिथे, सरकत्या खिळ्यांना बेताचं ग्रीस, पॅडवर एक थेंबही नाही. त्याने पॅड ओढून काढले ते परत जाईनात, तेव्हा माझा शिकंजा मागायला येण्याऐवजी त्याने पहारीने पिस्टन आत दाबला आणि चाकं चढवली.

मग ब्रेक तपासायला तो स्वतःच गाडीत बसला. गाडी चालू केली, हँडब्रेक सोडला आणि फरशीवरून उताराला घातली.

मी सांगतो मी कुठे होतो. माझ्या बाकावर, भिंतीला टेकून. आत चुलीवर दूध होतं. ते उतू गेल्याचा वास आला म्हणून मी शिव्या घालत उठलो आणि उंबरा ओलांडला. मागे कसलातरी घसरल्यासारखा आवाज झाला, मग लाकूड फुटल्याचा. वळून बघतो तर पांढरी गाडी माझ्या कॉफीवरून येऊन बाकात घुसलेली. बाकाचे दोन तुकडे. डावा दिवा फुटलेला. सेर्विओच्या एका हातात हँडब्रेक वर ओढलेला, दुसरा हात स्टिअरिंगवर, आणि तोंड पांढरं फटक.

"ब्रेक..." तो म्हणत होता. "पाय खाली गेला. खालपर्यंत गेला. ब्रेकच नव्हता, काका."

मी उंबऱ्यावरच बसलो.

आणि कोपऱ्यावरून मेल्बाचा आवाज आला, "मारायला निघाला होता! म्हाताऱ्याला मारायला निघाला होता! मी म्हणतच होते!"

पाच मिनिटांत गल्ली भरली. कोणी मला पाणी दिलं, कोणी सेर्विओची कॉलर धरली. आतापर्यंत जे लोक माझ्याकडे आणि एनितकडे तिरक्या नजरेने बघत होते, तेच आता त्याच्याकडे खुन्यासारखे बघायला लागले. खालच्या चौकीतला हवालदार धापा टाकत वर आला. तरुण माणूस, या गावचा नव्हता.

"काका, या माणसाचं तुमच्याशी वैर आहे का?" त्याने मला विचारलं.

काय सांगणार? "नाही," म्हणालो. पण ते नाही जरा उशिराने निघालं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. कारण तेवढ्या वेळात मलाही वाटून गेलं होतं, खरंच असेल का?

"अहो, मी चाकं बघत होतो फक्त!" सेर्विओ ओरडला. "ब्रेक लागला नाही!"

"बायकोने दहा दिवसांपूर्वीच तर नवे घातले," मेल्बा म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आजच बरे गेले?"

तेवढ्यात एनित आली. तिने गाडी बघितली, बाक बघितला, मला बघितलं. "लागलं नाही ना काका?" मी मान हलवली. मग ती सेर्विओला बाजूला सारून गाडीत बसली आणि ब्रेकवर पाय दाबायला लागली. एकदा, दोनदा, पाच वेळा, दहा वेळा. मग थांबली.

"आता दाबून बघा," ती हवालदाराला म्हणाली.

त्याने वाकून हाताने दाबलं. पॅडल दगडासारखं होतं.

"पिस्टन आत दाबला की मध्ये जागा राहते," एनित म्हणाली. "चाक बसवल्यावर पॅडल कडक होईपर्यंत मारायचं असतं, गाडी हलवायच्या आधी. नाहीतर पहिल्यांदा पाय रिकामाच जातो." तिने सेर्विओकडे बघितलं. "मारलंस?"

"नाही," तो म्हणाला.

"खून नाही हो हा, साहेब," ती म्हणाली. "नुसता शहाणपणा आहे."

हवालदार हसला. त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या, त्याने सहजच विचारलं, "बाई, पण तुम्हाला हे सगळं शिकवलं कोणी?"

सगळी गल्ली एक पाऊल पुढे सरकली.

एनित गाडीतून उतरली. "नेल्वा ओर्दोन्येसने," ती म्हणाली. "पोर्तोवेलोला जिचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिने."

हवालदाराला त्यातलं काही कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. जे चाळिशीच्या पुढचे होते, ते पायांकडे बघायला लागले. मीही.

पुठ्ठ्यावरचं अक्षर कोणाचं, तेही मला कळलं. नेल्वा आणि सेर्विओचं लग्न ठरलेलं होतं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चर्चमध्ये लग्नाची नावं वाचून झालेली, मेजवानीला डुकरं सांगून ठेवलेली. अकरा दिवस उरले असताना सेर्विओ मचालाला निघून गेला आणि महिन्याभराने परत आला तेव्हा म्हणाला की नेल्वाचं एका खाणीच्या ट्रकवाल्याशी चालू होतं, म्हणून मोडलं. आम्ही विश्वास ठेवला. मग त्याने एनितशी लग्न केलं. एनित लोखाहून, बाहेरगावाहून आलेली, तिला त्याने तेच सांगितलं, वर त्या दुकानाची पायरी चढायची नाही, अशी ताकीद. नेल्वाने लग्न केलं नाही. बापाचं दुकान सांभाळत राहिली.

चार वर्षांपूर्वी घाट उतरताना एनितच्या चाकातून धूर यायला लागला आणि गाडी कशीबशी थांबली ती त्याच दुकानापुढे. हे एनितने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, फुटक्या बाकाचे तुकडे गोळा करता करता.

"मी म्हणाले, बदलून द्या. ती म्हणाली, या घाटात राहणाऱ्या बाईने हे स्वतः करायला शिकावं, बस इथे. डावं चाक तिने करून दाखवलं. करता करता नाव विचारलं. मी सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं. तेही सांगितलं. मग मी तिचं विचारलं."

"मग?"

"मग ती बराच वेळ नुसती पाना पुसत बसली. मला वाटलं, आता हाकलते. तर म्हणाली, उजवं चाक राहिलंय, ते तू कर."

"आणि त्या ट्रकवाल्याचं?"

"तिने कधीच काढलं नाही. तिसऱ्या वर्षी मीच विचारलं. ती म्हणाली, तसा कोणी नव्हताच. बस, पुढे खोक्यातले बोल्ट मोजायला लागली." एनितने लाकडाचा तुकडा भिंतीला टेकवला. "मी तिच्यावर विश्वास ठेवला, काका. सेर्विओ स्पेनहून फोनवर रोज विचारायचा, घरी कोण येतं, कुठे जातेस, कोणाशी बोलतेस. ज्याने स्वतः एवढं दडवलंय, त्यालाच सगळ्यांचा संशय येतो."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"वाट बघत होते. तो स्वतः सांगतो का."

पुढचे चार दिवस सेर्विओ घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी मला खिडकीतून दिसलं, तो चाकापाशी बसलाय आणि एनित स्टूलवर. दोन्ही चाकं तिने त्याच्याकडून उघडून परत बसवून घेतली. पॅडल मारताना त्याला मोठ्याने मोजायला लावलं. वीसपर्यंत.

गाडीला नवा दिवा हवा होता. "पिन्यासला मिळेल," तो म्हणाला.

"मी पोर्तोवेलोला चाललेय," ती म्हणाली. "यायचं तर चल."

मागच्या सीटवर मी बसलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. बाकासाठी बोल्ट घ्यायचे आहेत, असं मी म्हणालो आणि कोणी हरकत घेतली नाही. एनित गिअरवर गाडी उतरवत होती, ब्रेकला अगदी हलका पाय.

नेल्वा काउंटरमागे उभी होती. केस कापलेले, चष्मा कपाळावर, हात एनितसारखेच काळे. तिने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"कुठला फुटला? डावा की उजवा?"

"डावा," सेर्विओ म्हणाला.

ती आत गेली, दिवा आणला, काच फडक्याने पुसून काउंटरवर ठेवला. त्याने तो उचलला नाही.

"नेल्वा, ते ट्रकवाल्याचं... मी खोटं सांगितलं होतं. मी घाबरलो होतो. लग्नाला."

"मला माहितीये," ती म्हणाली. "मला कशाला सांगतोस? मी कुठे त्यावर विश्वास ठेवला होता? ज्यांना सांगितलंस, त्यांना जाऊन सांग."

एनित दाराबाहेर बघत होती. तिने मदतीला एक शब्द टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेल्बाच्या दुकानात पावाला गर्दी असते त्या वेळी, सेर्विओ रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने पाव मागितला नाही. तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, की नेल्वा ओर्दोन्येसबद्दल मी जे सांगितलं होतं ते खोटं होतं, तिने काहीच केलं नव्हतं, पळालो मी. शेवटी मेल्बाच म्हणाली, "बावीस वर्षांनी सुचलं होय रे?" आणि त्याच्या हातात पाव ठेवला. मग तो चर्चमागे राहणाऱ्या आपल्या आईकडे गेला. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. पण म्हातारी पुढच्या रविवारी त्याच्याशेजारी बसली नाही.

एनितने त्याला एकदम माफ केलं, असं मी म्हणणार नाही. ती त्याच्याशी बोलते. फोन कोणाचा आला, हे तो आता विचारत नाही. गुरुवारी कधी कधी तोच पुड्या घेऊन खाली जातो आणि पोर्तोवेलोहून वेळेवर परत येतो.

राहिलो मी. त्या रांगेत मी चौथा होतो. सेर्विओ बोलत होता तेव्हा मला आठवत होतं की ट्रकवाल्याची ती गोष्ट खाणीच्या वर्कशॉपात कोणी पोचवली होती. जेवायच्या सुट्टीत, तीस माणसांसमोर, हसत हसत, वर दोन तिखट गोष्टी माझ्या पदरच्या घालून. नेल्वाचे दोन काका त्या तिसांत होते.

पुढच्या आठवड्यात मी बसने खाली गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी टोपी हातात घेतली आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते बोललो. नीट बोललो की नाही माहीत नाही. ती ऐकत होती, मध्ये एकदाही थांबवलं नाही.

माझं संपल्यावर तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"बरं. आणि काय देऊ तुम्हाला, काका?"

माझ्याकडे गाडी नाही. कधीच नव्हती. पण त्या क्षणी रिकाम्या हाताने दाराबाहेर पडणं मला जमणार नव्हतं. मी मागच्या फळीकडे बोट दाखवलं आणि ब्रेक ऑइलची एक बाटली घेतली. तिने ती कागदात गुंडाळून दिली, आणि झाकण घट्ट ठेवा, हवेतलं पाणी शोषतं ते, असं बजावलं.

मी हो म्हणालो.